पाऊस किती, यापेक्षा किती महिने

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानांवर वृक्षलागवडीच्या बातम्या दिसू लागतात. अमुक गावाने इतकी रोपे लावली, तमुक मंडळाने उघडा डोंगर हिरवा करण्याचा संकल्प सोडला, तालुक्याला यंदा इतके उद्दिष्ट मिळाले, असे त्यांचे साधारण स्वरूप असते. या कामामागील सद्भावनेविषयी मला शंका नाही. परंतु कोणत्या जातींची रोपे लावली आणि ती लावण्यापूर्वी त्या जमिनीवर काय उगवत होते, या दोन गोष्टी त्या बातम्यांत क्वचितच वाचायला मिळतात. महाराष्ट्राच्या हवामानाने आपल्या पदरात टाकलेली जैवविविधता मुख्यतः वृक्षांच्या रूपात नाही; ती गवतांत, कंदांत, तीन-चार महिन्यांत आयुष्य उरकणाऱ्या पावसाळी वनस्पतींत आणि उघड्या जमिनीवर राहणाऱ्या प्राण्यांत आहे. झाडांच्या संख्येवर यश मोजणारी मोहीम नेमक्या याच ठेव्यावर घाला घालते, हे वाचकांसमोर यावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

हवामान आणि सजीवांची विविधता यांचे नाते जुनेच अभ्यासलेले आहे. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी १८०२ मध्ये दक्षिण अमेरिकेतील चिंबोराझो पर्वतावर चढताना उंचीगणिक बदलणाऱ्या वनस्पती नोंदवल्या आणि पुढे त्या एका चित्रात मांडल्या. विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे जाताना जातींची संख्या घटत जाते, हेही आता शालेय ज्ञान झाले आहे. मात्र या घटीचे कारण सर्वत्र एकच नसते. थंड प्रदेशात सजीवांना आधी उष्णता कमी पडते. आपल्याकडे उष्णतेची वाण कधीच नसते. कमी पडते ते पाणी, आणि तेही एकूण वर्षाच्या हिशेबात नव्हे, तर ठरावीक महिन्यांत. सह्याद्रीतील जातींचे वाटप समजून घ्यायचे असेल तर पावसाच्या मिलिमीटरांपेक्षा कोरड्या महिन्यांची मोजणी अधिक उपयोगी पडते.

सह्याद्री तापीच्या खोऱ्यापासून कन्याकुमारीच्या जवळपर्यंत सुमारे १६०० किलोमीटर पसरला आहे. आंबोलीत वर्षाला सुमारे ७००० मिलिमीटर आणि महाबळेश्वरात साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. केरळ-तमिळनाडूच्या सीमेवरील अगस्त्यमलईच्या अनेक सदाहरित जंगलांना याहून बराच कमी पाऊस मिळतो. तरीही सदाहरित वृक्षांच्या जाती, आणि त्यातही जगात अन्यत्र कोठेही न आढळणाऱ्या जाती, दक्षिणेत कितीतरी अधिक आहेत आणि उत्तरेकडे येताना त्या सतत घटत जातात. याचे उत्तर पावसाच्या वेळापत्रकात आहे. दक्षिण टोकाला मोसमी पाऊस आधी पोहोचतो, त्यापूर्वी वळवाच्या सरी येऊन गेलेल्या असतात आणि परतीनंतर ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस मिळतो, त्यामुळे खऱ्या अर्थाने कोरडे महिने दोन-तीनच उरतात. महाबळेश्वरात वर्षाचा नव्वद टक्क्यांहून अधिक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, कातळावरून वाहून जातो आणि त्यानंतर सात-आठ महिने जमीन जवळजवळ कोरडी राहते. जुलैत धो धो पडलेला पाऊस एप्रिलमधल्या रोपाच्या मुळांशी पोहोचत नाही, मग तो तीन हजार मिलिमीटर असो की सहा हजार.

सदाहरित वृक्ष पाने गाळून उन्हाळा काढू शकत नाही. पानांतून पाणी उडत राहते आणि मुळांनी ते पुरवले नाही तर झाड मरते. मोठे झाड खोल मुळांच्या जोरावर एखादा उन्हाळा निभावून नेईलही, पण त्याच्या पहिल्या वर्षाच्या रोपाला ते जमत नाही. शिवाय यांतील अनेक जातींच्या बिया सुकल्या की उगवतच नाहीत. ओलाव्यातच पडाव्या आणि लगेच रुजाव्या अशीच त्यांची घडण असते. त्यामुळे डिप्टेरोकार्प कुळातील उंच वृक्ष कर्नाटकातून उत्तरेकडे येता येता विरळ होतात आणि महाबळेश्वरच्या माथ्यावर अंजनी, जांभूळ, पिसा अशा मोजक्या सोशिक जातींचे ठेंगणे, दाट रान उरते. ते रान कमी प्रतीचे आहे असे मुळीच नाही. एवढा मोठा उन्हाळा काढून सदाहरित राहणे ज्यांना जमते अशा फार थोड्या जाती आहेत, इतकाच त्याचा अर्थ.

प्राण्यांचेही तेच. सिंहपुच्छ माकडाला वर्षभर शेंड्याशेंड्यांवर फळे, फुले आणि कीटक लागतात, म्हणून ते उत्तर कन्नड जिल्ह्याच्या पुढे येत नाही. झुडपी बेडकांच्या रावोर्केस्टिस या गटातील पिल्ले पाण्यात पोहणाऱ्या डिंभकाच्या अवस्थेतून जातच नाहीत. ओल्या पानापाचोळ्यात किंवा पानांवर घातलेल्या अंड्यातून थेट चिमुकला बेडूक बाहेर पडतो. अशा अंड्यांना हवेतला ओलावा सतत हवा असतो. साठाहून अधिक जातींच्या या गटातील बहुतेक जाती दक्षिण सह्याद्रीत आणि मोजक्याच महाराष्ट्रात का, याचा उलगडा त्यांच्या या जीवनक्रमातून होतो.

या नियमाला जो अपवाद दिसतो तोही पाण्याचीच साक्ष देतो. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथे रान जायफळाची दलदल आहे. केरळ आणि कर्नाटकातील अतिपावसाच्या दऱ्यांत आढळणारा हा वृक्षसमाज इतक्या उत्तरेला टिकला, कारण तेथील जमिनीत बारमाही ओलावा आहे आणि ती राई देवाच्या नावाने राखलेली आहे. चिखलात हवा मिळावी म्हणून या वृक्षांची मुळे गुडघ्यासारखी वर येतात. आजूबाजूच्या डोंगरावर सात-आठ महिने कोरडे असताना त्या छोट्याशा राईत मात्र दक्षिणेचे हवामान नांदते. राज्य शासनाने या स्थळाला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला, हे योग्यच झाले. उद्या वरच्या अंगाचे पाणी कोणी अडवले किंवा वळवले, तर केवळ दर्जाने ती राई वाचणार नाही, हेही येथेच नोंदवतो.

दक्षिणेच्या श्रीमंतीला केवळ आजचे हवामान जबाबदार आहे असे म्हणणे अर्धवट ठरेल. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या लाव्हाने आजचा जवळजवळ सारा महाराष्ट्र झाकून टाकला. दक्षिणेचे डोंगर त्याहून कितीतरी प्राचीन खडकांचे आहेत आणि त्या उलथापालथीत व नंतरच्या हवामानबदलांत जुन्या वंशांना तेथे आसरा मिळत राहिला. इडुक्कीत सापडलेला आणि २००३ मध्ये शास्त्राला नव्याने ज्ञात झालेला, वर्षातील बहुतेक काळ जमिनीखाली राहणारा जांभळा बेडूक हे त्याचे ठळक उदाहरण; त्याचे सर्वांत जवळचे नातलग हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवर आहेत. इतिहास आणि हवामान यांची अशी सांगड दक्षिणेत बसली.

मग महाराष्ट्राच्या वाट्याला काय आले? वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नोंदी याबाबत स्पष्ट आहेत. दक्षिण सह्याद्रीत केवळ तेथेच आढळणाऱ्या वनस्पतींत वृक्षांचा वाटा मोठा आहे. उत्तर सह्याद्रीत, म्हणजे आपल्याकडे, अशा प्रदेशनिष्ठ जातींत बहुसंख्या आहे ती लहान वनस्पतींची, आणि त्यांतील पुष्कळशा जंगलाच्या सावलीत नव्हे तर उघड्या पठारांवर, सड्यांवर (कोकणातील सपाट, उघड्या कातळांवर) आणि कड्यांवर वाढतात. याचेही कारण तोच मोठा उन्हाळा. जो टाळता येत नाही त्याला चुकवण्याचे दोन मार्ग वनस्पतींना सापडले. तेरड्याप्रमाणे पावसाळ्यात उगवून, फुलून, बी टाकून मरून जाणे हा एक. आणि कंदीलपुष्प, चवर, मुसळी, जमिनीवरच्या आमरी यांच्याप्रमाणे सारा जीव कंदात किंवा मुळांत आवरून आठ महिने जमिनीखाली राहणे हा दुसरा. मे महिन्यात कासच्या पठारावर गेलेल्या माणसाला जे उजाड दिसते ते खरे तर पेरलेले शेत असते.

कास, चाळकेवाडी, आंबोली ही पठारे किंवा रत्नागिरी-राजापूरचे सडे पाहिले तर तेथे जांभ्या खडकाचा थर आहे, त्यावर बोटभर माती आहे किंवा तीही नाही. उन्हाळ्यात कातळ पाय ठेववत नाही इतका तापतो आणि जुलैत तोच कातळ घोटाभर पाण्याखाली असतो. एकाच जागी अर्धे वर्ष वाळवंट आणि अर्धे वर्ष पाणथळ, अशी परिस्थिती सोसणाऱ्या जाती थोड्या. पण ज्या सोसतात त्या अन्यत्र फारशा आढळत नाहीत. पावसाने धुऊन निघालेल्या या मातीत नत्र इतके अपुरे असते की सीतेची आसवे आणि दवबिंदू या वनस्पती कीटक पकडून ती उणीव भरून काढतात. गेंदाच्या अनेक जाती, वायतुरा, टोपली कारवी, कोकणच्या सड्यावरची दिपकाडी यांची वस्ती अशाच ठिकाणी. आंबोलीचा तो प्रसिद्ध छोटा भेक, ज्याचे शास्त्रीय वर्णन २००९ मध्ये झाले, पहिल्या पावसात कातळावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो आणि तीही डबकी टिकतील तेवढ्याच दिवसांत त्याला सारे उरकावे लागते. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरून २००८ मध्ये एका नव्या पालीचे वर्णन झाले, तेव्हा त्याच पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिलेल्या होत्या. युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटातील जी ३९ स्थळे जागतिक वारसा यादीत घेतली, त्यांत महाराष्ट्रातील चार आहेत आणि कोयना, चांदोली, राधानगरी या अरण्यांच्या पंगतीला कासचे उघडे पठार बसले आहे. त्याचा अर्थ आपल्या जिल्हा नियोजनात अद्याप पोहोचलेला नाही.

घाटमाथ्यावरून पूर्वेकडे उतरले की चित्र आणखी झपाट्याने बदलते. एकट्या सातारा जिल्ह्याचे उदाहरण पुरेसे आहे. महाबळेश्वरपासून वाईपर्यंत येता येता पाऊस सातव्या-आठव्या हिश्श्यावर येतो आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरवरील माण तालुक्यात तो वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर राहतो. एवढ्या अंतरात सदाहरित रान, पानझडी जंगल, काटेरी झुडपे आणि अखेर माळरान असे चार वेगवेगळे निवास येऊन जातात. माळरानावर जातींची एकूण संख्या घाटापेक्षा कमी भरेल. परंतु तेथील जाती घाटात नाहीत आणि घाटातील तेथे नाहीत. एका ठिकाणी किती जाती आहेत यापेक्षा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना त्या किती बदलतात, यातच महाराष्ट्राची खरी समृद्धी आहे, असे माझे मत आहे. पवना, मारवेल, कुसळी ही गवते, त्यांमध्ये विखुरलेली हिवर, खैर, बोर, तरवड, त्यांत राहणारे लांडगा, काळवीट, खोकड, धाविक, चंडोल आणि त्यांच्यासोबत शतकानुशतके फिरणारे धनगरांचे कळप, हा एक पूर्ण समाज आहे. जंगल तोडून माळ तयार झाला, हा समज तर आता मागे टाकायला हवा. मध्ययुगीन मराठी वाङ्मयातील वनस्पतींचे उल्लेख तपासून अलीकडे संशोधकांनी दाखवले आहे की पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या भागातील ही विरळ झाडांची गवताळ भूमी निदान साडेसातशे वर्षे जुनी आहे.

या पार्श्वभूमीवर आपल्या मोहिमांकडे पाहावे. राज्यात २०१६ मध्ये दोन कोटी वृक्षांचे उद्दिष्ट होते. ते पुढे चार, तेरा आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटींवर गेले. कोट्यवधी रोपांना जागा लागते आणि शेतजमीन कोणी देत नाही. गावठाणाजवळ जागा नसते, चांगल्या जंगलात लावायला वाव नसतो. उरते ती गायराने, माळ, पठारे आणि सडे. देशाच्या पडीक जमिनींच्या अधिकृत नकाशासंग्रहात खडकाळ आणि झुडपी जमिनी पडीक म्हणूनच मोजल्या जातात, त्यामुळे तेथे खड्डे घेण्यास कोणाची हरकतही येत नाही. सोलापूर, पुणे, सातारा या जिल्ह्यांच्या कोरड्या पट्ट्यात गिरिपुष्प या परदेशी झाडाची लागवड माळावर सर्रास झाली. सुबाभूळ, निलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ यांची कथा जुनी आहे. झाडाची सावली पडली की उन्हावर वाढणारी गवते मागे हटतात, दूरवर नजर टाकून धोका ओळखणाऱ्या पक्ष्यांना ती जागा नकोशी होते आणि एरवी तेथे न येणारे शत्रू झाडांच्या आडोशाने येतात. सोलापूरजवळच्या नान्नजचे अभयारण्य १९७९ मध्ये माळढोकासाठी स्थापन झाले. आज महाराष्ट्रात माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला आहे. त्यामागे शिकार, विजेच्या तारा, शेतीचा विस्तार अशी अनेक कारणे आहेत आणि सगळा दोष लागवडीवर ढकलणे अन्यायाचे होईल. पण उघड्या माळाची किंमत आपण कधीच केली नाही, हे त्या सर्व कारणांच्या मुळाशी आहे.

अलीकडे देशी झाडे लावण्याचा आग्रह वाढला आहे आणि तो स्वागतार्ह आहे. तरीही तेवढे पुरेसे नाही. वड आणि पिंपळ देशी असले तरी कासच्या पठारावर ते परकेच ठरतील. कातळात सुरुंग लावून, बाहेरची माती आणून लावलेला आंबा कोकणचाच असला तरी त्याखाली गेलेला सडा परत येत नाही. हाच हिशेब चिरेखाणींना आणि माळावरच्या सौर प्रकल्पांनाही लागू होतो. कर्बशोषणासाठी झाडे हवीत, असे यावर सांगितले जाते. गवताळ भूमी आपला बराचसा कर्ब मुळांत आणि मातीत साठवते, वणवा लागला तरी तो जमिनीखाली सुरक्षित राहतो आणि नांगरणी किंवा खड्डे यांनी तो बाहेर पडतो, ही बाब त्या हिशेबात सहसा धरली जात नाही.

झाडे लावूच नयेत असे माझे म्हणणे नाही. घाटमाथ्यावर वणव्यांनी आणि तोडीने विरळ झालेली निमसदाहरित राने आहेत, खचत चाललेल्या देवरायांचे काठ आहेत, ओढ्यांचे काठ, रस्त्यांच्या कडा आणि गावठाणे आहेत. तेथे स्थानिक जाती लावाव्यात, आणि लावण्यापेक्षाही वणवा व चराई काही वर्षे थांबवून जे आपोआप उगवते त्याला वाढू द्यावे. अंजनी-जांभळाचे रान रोपवाटिकेतून उभे करता येत नाही. या रानांची काळजी अधिक तातडीने घ्यावी लागेल याला आणखी एक कारण आहे. हवामान तापले तर दक्षिणेतील जातींना २६९५ मीटरच्या अनैमुडीपर्यंत वर सरकण्यास काही वाव आहे. आपला सर्वांत उंच कळसूबाई १६४६ मीटरवर संपतो आणि भीमाशंकरचे शेकरूचे जंगल त्याच्याही बरेच खाली, आधीच डोंगराच्या माथ्यावर आहे. कोरडा काळ आणखी वाढला तर त्या रानाला वर जायला जागा नाही.

शासनाकडून अपेक्षा एवढीच की लागवडीचे उद्दिष्ट रोपांच्या आकड्यात आणि जिल्हानिहाय देण्याऐवजी, तालुक्यातील कोरड्या महिन्यांची संख्या, मातीची खोली आणि जमिनीचा मूळ निवास पाहून ठरवावे. सडे, पठारे आणि माळराने यांची यादी जैवविविधता व्यवस्थापन समित्यांकडून करून घेऊन त्या जागा लागवडीच्या क्षेत्रातून वगळाव्यात. कायद्याने या समित्या प्रत्येक स्थानिक संस्थेत असणे आणि त्यांनी लोकजैवविविधता नोंदवही ठेवणे अपेक्षित आहे. २००२ च्या कायद्यातील ही तरतूद बहुतेक गावांत कागदावरच आहे, ती या निमित्ताने कामाला लावता येईल. शाळांनीही जूनमध्ये रोप लावण्याबरोबरच सप्टेंबरमध्ये गावच्या माळावरची गवते ओळखण्याचा उपक्रम घेतल्यास मुलांना अधिक कळेल.

आणि आपल्या दैनिकाकडे एक विनंती आहे. यंदा लागवडीची बातमी छापताना वार्ताहरांनी रोपांच्या संख्येसोबत जातींची नावे, जमिनीचा प्रकार आणि गेल्या वर्षी त्याच ठिकाणी लावलेल्या रोपांपैकी मे अखेरीस किती जगली, एवढी माहिती विचारून द्यावी. ही माहिती लागवड करणाऱ्या प्रत्येक कार्यालयाच्या नोंदवहीत असायला हवी, आणि नसेल तर तीही छापण्याजोगी बातमी आहे.

आपला,
एक नियमित वाचक
वाई, जि. सातारा